लालावरचं पांढरं

लाल पॉलिएस्टरवर पांढरं अक्षर टिकत नाही. उभ्या धंद्यातून मला कळलेली एवढी एकच गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकते, आणि दिवाळीत फराळाबरोबर वाचावी अशी ती नाही. संपादकबाईंनी सांगितलं होतं, कामातलं काहीतरी लिहा, वाचणाऱ्याला उमेद येईल असं. मी होकार दिला आणि दोन दिवस नुसती बसून राहिले. तसं मी पुष्कळ काही छापलं. निवडणुकीत तर सगळ्याच पक्षांचे झेंडे एका दोरीवर वाळत घातले. लग्नाच्या आहेराच्या पिशव्यांवर इतके गणपती छापले की डोळे मिटूनही सोंड बरोबर काढीन. पण आठवायला बसलं की एकच काम समोर येतं, आणि ते मला शेवटपर्यंत जमलं नाही.

आमचं घर आदिलाबादचं, चार पिढ्यांपासूनचं, आणि सगळे नोकरीवाले. सासरे तहसीलमध्ये पेशकार होते, दीर बँकेत, आमचे हे ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे. तेव्हा आंध्र प्रदेश होता. कचेरीत तेलुगू, व्यापाऱ्यांशी हिंदी आणि घरात मराठी असा आमचा तिहेरी संसार. मी लग्नाआधी नागपूरला स्क्रीन प्रिंटिंग शिकून आले होते. पोरं शाळेत जायला लागल्यावर मागच्या पडवीत ते सुरू केलं. सासूबाईंना वाटायचं, एवढ्या शिकलेल्या घरात सुनेच्या नखांत रंग, लोक काय म्हणतील. लोक काही म्हणाले नाहीत. लोकांना स्वस्तात छापून हवं होतं.

ही छपाई तशी सोपी. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणून बसवायचं, अक्षरांची जागा मोकळी ठेवून बाकीची जाळी बुजवायची, वर शाई ओतायची आणि रबरी पट्टीनं ती अलीकडून पलीकडे ओढायची. मोकळ्या जागेतून शाई खाली कापडावर उतरते. एवढं कुणालाही आठवडाभरात येतं. खरी गोम पुढे आहे, कोणत्या कापडाला कोणती शाई.

सुती कापड शाई पितं. पाण्यात कालवलेली साधी शाई त्याला चालते, वर थोडा ताव दिला, म्हणजे आच दाखवली, की बसली. पॉलिएस्टर काही पीत नाही, शाई त्याच्या अंगावर नुसती बसून राहते. आणि मिश्र कापड म्हणजे दोन्हीकडचा त्रास. निम्मे धागे पितात, निम्मे पीत नाहीत, आणि दोन धुण्यांत अक्षराला खरूज झाल्यासारखं दिसतं. व्यापारी मात्र प्रत्येक ठाण 'प्युअर कॉटन' म्हणूनच विकायचा. मी कडेचा एक धागा ओढून काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो नि राख होतो, पॉलिएस्टर आक्रसून त्याचा टणक मणी होतो. एक शेठ माझ्यावर रागावले होते, म्हणाले, माझ्या शब्दावर विश्वास नाही का? मी म्हटलं, शेठ, तुमचा शब्द जळत नाही, म्हणून धागा जाळते. ते कापड मिश्र निघालं. त्यांनी पुढे माझ्याशी बोलणं सोडलं, कापड पाठवणं सोडलं नाही.

यातलं सगळ्यात अवघड कापड म्हणजे लाल पॉलिएस्टर. त्याचं कारण साधं आहे. पॉलिएस्टर रंगवतात ते भयंकर उष्णता देऊन. धागा उष्णतेनं सैल होतो आणि रंग आत शिरतो. मग पुन्हा कधी तशीच उष्णता मिळाली की आतला रंग बाहेर येतो, वर जे काही असेल त्यात शिरतो. वर पांढरी शाई असेल तर ती गुलाबी होते. आज पांढरी दिसली तरी परवा गुलाबी होते. निळ्याचंही असंच, पण निळ्याचं लोक चालवून घेतात. लाल झेंड्यावरचं पांढरं चिन्ह गुलाबी झालं की कार्यकर्ते भांडायला येतात.

नामदेवराव माझ्याकडे आले ते असल्या एका भांडणाच्या दुसऱ्या दिवशी. मी वैतागलेली होते आणि लाल कापड बघूनच नाही म्हणाले. ते तसेच उभे राहिले. मूळचे भीमपूरकडच्या एका खेड्यातले, पण पंचवीस-तीस वर्षं बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत काम केलेले आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये राहणारे. गावची जमीन भाऊ बघायचा. दिवाळीनंतर ते गावी यायचे, जाता येता आदिलाबादला मुक्काम. त्यांचा मुलगा संतोष त्या पावसाळ्यात डोक्यात ताप चढून गेला होता. लग्न झालं नव्हतं. कबड्डी खेळायचा, क्वार्टरच्या संघात, आणि चांगला खेळायचा. संक्रांतीला त्याच्या नावानं सामने भरवायचे असं संघातल्या पोरांनी ठरवलं होतं. जर्सी त्यांची नेहमीचीच, लाल, चकचकीत कापडाची. फक्त पाठीवर आता सगळ्यांच्या एकच नाव हवं होतं, संतोषचं, पांढऱ्यात, तेलुगू अक्षरांत.

मी त्यांना सुती जर्सी घ्या म्हटलं. ते म्हणाले, त्याची तशी नव्हती. मग नुसतं काळ्यात छापू म्हटलं, काळ्यावर काही चढत नाही. त्यावर ते पहिल्यांदा नीट बोलले.

"वैनी, त्याची माय मैदानाच्या काठाले बसते. तिले वाचता येत नाई. पन पोराच्या पाठीवर शिवलेला पांढरा आकडा दुरून दिसला का तिले समजे, हा आपला हाय. तिले तेवढंच पायजे."

मी काम घेतलं. तेलुगू अक्षरं गोल गोल, त्यांच्या पोटातली भोकं शाईनं बुजतात, म्हणून जाळी दोनदा करावी लागली. पाण्यातली पांढरी, दाट, चुन्यासारखी दिसणारी शाई वापरली. दोन हात दिले, जपून ताव दिला, चार दिवस ठेवून बघितलं. पांढरं ते पांढरंच राहिलं. एक जर्सी नमुना म्हणून कपाटात ठेवली आणि बाकीच्या नामदेवरावांच्या हवाली केल्या. त्या दिवशी मी खुशीत होते, खोटं कशाला सांगू.

संक्रांत झाल्यावर ते भावाकडे आले तेव्हा माझ्याकडे थांबले. तक्रार करायला नाही, सांगायला. सगळी नावं गुलाबी झाली होती. लालावरचं गुलाबी दुरून दिसत नाही. गिरजाबाई, म्हणजे त्यांची बायको, दिवसभर मैदानाच्या काठाला बसून होत्या आणि तिथून त्यांना पाठींवर काहीच दिसलं नव्हतं. मी कपाटातली जर्सी काढून दाखवली. तिच्यावरचं नाव कापसासारखं पांढरं होतं.

त्यापुढची वर्षं माझी या एका नावात गेली. दुसऱ्या वर्षी मी शाईचे तीन हात दिले. तिसऱ्या वर्षी प्लास्टिकच्या पाट्या छापतात ती, उग्र वासाची शाई आणली. ती पहिल्या चढाईलाच तडकली आणि पोरांच्या पाठीवरून पापुद्रे निघाले. मग मिश्र कापडावर आले, त्यात एक हिस्सा तरी सूत होतं. पोरं कुरकुरली, कापड चमकत नाही म्हणाली, आणि नाव थोडं फिकट गुलाबी झालं एवढाच फायदा. दरवर्षी माझ्या कपाटातला नमुना पांढरा आणि बेल्लमपल्लीतलं नाव गुलाबी. मी तिथल्या पाण्याला नावं ठेवली, हवेतल्या कोळशाच्या धुळीला ठेवली, त्यांच्या धुण्याच्या सोड्याला ठेवली. आमचे हे म्हणायचे, एकच बेरीज तू दरवर्षी करतेस आणि उत्तर वेगळं यावं म्हणतेस. हसायला यायचं, पण आतून मी खचत चालले होते. बाकीची छपाई हातावेगळी व्हायची. हे नाव मात्र स्वयंपाक करतानाही डोक्यात असायचं. एका बाईला वर्षातून एक दिवस आपल्या पोराचं नाव दुरून दिसावं, एवढंच तर काम होतं, आणि मला येणारं एकच काम त्याला पुरत नव्हतं.

शेवटी एका संक्रांतीला मी स्वतःच बेल्लमपल्लीला गेले. आदल्या दिवशी जाऊन तिथे एका ओळखीच्या मास्तरणीकडे उतरले आणि सकाळी क्वार्टरवर पोचले. जर्स्या आठवड्यापूर्वीच नेलेल्या होत्या. नामदेवरावांनी त्यातली एक उलगडून दाखवली. पांढरी. माझ्या हातून गेली तशीच्या तशी पांढरी. म्हणजे पाणी नाही, धूळ नाही, सोडा नाही.

तेवढ्यात गिरजाबाईंनी अंगणातल्या शेगडीवरून निखारे काढले. खाणीच्या गावात घरोघर दगडी कोळसा जळतो, आणि त्याची आच आपल्या लाकडी कोळशासारखी नसते, फार कडक असते. ते लाल निखारे त्यांनी चिमट्यानं इस्त्रीत भरले. जमिनीवर घोंगडी अंथरली, तिच्यावर पहिली जर्सी पालथी घातली, पाठीची बाजू वर. पाण्याचा हात फिरवला आणि गुडघ्यांवर येऊन, अंगाचा सगळा भार देऊन त्या नावावर इस्त्री फिरवायला लागल्या. बाहीवर एकदा, पोटावर एकदा, आणि नावावर पुन्हा पुन्हा. वाफ निघत होती. त्या वाफेत पांढऱ्याचा पांढरेपणा जाताना मी उभ्या उभ्या बघितला. खेळायच्या जर्सीला कुणी इस्त्री करत असेल, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातच आलं नव्हतं.

माझ्याकडे बघून त्या हसल्या.

"संतोषची जरशी मीच इस्तरी करत होती, बाई. घडी मोडली तर चालत नोती त्याले. आता सगळ्यांयची करून राह्यली."

सामना सुरू व्हायच्या आधी पोरं एकेक करून दाराशी आली. गिरजाबाई प्रत्येकाच्या हातात गरम जर्सी द्यायच्या आणि प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवायच्या. ही त्या घरची रीतच झाली होती. त्यांच्या हातची घेतल्याशिवाय कुणी मैदानात उतरत नसे. मग त्या पदर सावरून मैदानाच्या काठाला जाऊन बसल्या आणि बसल्या जागेवरून डोळे बारीक करून गुलाबी पाठी शोधायला लागल्या.

मी नामदेवरावांना बाजूला घेऊन सांगितलं. शाई चांगली आहे, कापडाचा रंग इस्त्रीच्या आचेनं वर येतोय, यांनी इस्त्री केली नाही तर नाव पांढरं राहील. त्यांनी मैदानाच्या काठाकडे बघितलं.

"तिले नोका सांगू, वैनी. सालभर ती त्याचं नाव घेत नाई. हा एक दिवस ती त्याच्यासाठी काई करते. तुमी शाई बदला."

ते बरोबर बोलत होते हे मला तेव्हाही पटलं. पण शाई म्हणजे काय माझ्या हातची गोष्ट होती? इथे या धंद्याची खरी अडचण सांगायला हवी. पाण्यातल्या शाईला इस्त्री सोसते, पण ती खालचा रंग अडवत नाही. रंग अडवणारी शाई म्हणजे प्लास्टिकची, लोण्यासारखी, ताव दिल्याशिवाय न वाळणारी. ती तेव्हा आमच्याकडे नवीनच येत होती. तिच्यातही कमी तावावर पक्की होणारी निवडावी लागते, नाहीतर पक्की करतानाच लाल उठतो. खाली करडा थर, त्यावर पांढरा. करडा थर लालाला दाराशीच थांबवतो. पण प्लास्टिक ते प्लास्टिक. इस्त्री टेकली की वितळलं. म्हणजे जी शाई गिरजाबाईंच्या इस्त्रीला टिकते ती गुलाबी होते आणि जी पांढरी राहते ती इस्त्रीला टिकत नाही. दोन्ही सोसणारी शाई मी हैदराबादच्या दुकानदाराला विचारली, त्यानं मुंबईला विचारलं. नाही म्हणाले. आता मिळते म्हणतात. मी चौकटी भंगारात दिल्यावर मिळायला लागली.

पुढच्या दिवाळीनंतर नामदेवराव आले तेव्हा मी त्यांच्यापुढे दोन्ही ठेवल्या. पाण्यातली घेतली तर पुन्हा गुलाबी. प्लास्टिकची घेतली तर नाव दुधासारखं पांढरं, पण जर्सी उलटी करून इस्त्री करायची, मध्ये सुती फडकं घालायचं, नावाला इस्त्री लावायची नाही म्हणजे नाहीच. मी ते त्यांना एका तुकड्यावर करून दाखवलं. इस्त्री टेकवली, अक्षर तिच्या तळाला चिकटून आलं. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, आतून बाहेरून बघितला. म्हणाले, पांढरी करा. तिला सांगतो.

मी त्या वर्षी जे काम केलं तसं पुन्हा माझ्या हातून झालं नाही. अक्षरांची पोटं मोकळी, कडा सरळ, करडा थर कुठेही डोकावत नव्हता. पडवीभर लाल जर्स्या आणि त्यांवर ते पांढरं नाव. सासूबाईंना दाराशी उभं करून मी म्हटलं, इथून दिसतं का? त्या म्हणाल्या, आंधळ्यालाही दिसेल.

संक्रांत होऊन आठवडाही झाला नसेल, नामदेवराव आले. भावाकडे जायचं नव्हतं, खास माझ्याकडेच आले होते. चहा घेतला नाही. पिशवीतून जर्सी काढून त्यांनी चटईवर पसरली. नावाचं पहिलं अक्षर जागेवर होतं. बाकीच्या जागी करड्या-पांढऱ्या रेघोट्या आणि खाली लाल.

सांगतो म्हणाले होते, पण त्यांनी सांगितलं नव्हतं. रोज सांगू म्हणायचे आणि रोज त्यांची जीभ उचलायची नाही. बायकोला काय सांगायचं, पोराच्या नावाला हात लावू नकोस? सामन्याच्या सकाळी आपणच लवकर उठून फडकं घालून सगळ्या इस्त्री करून ठेवाव्यात, असं त्यांनी ठरवलं. उठले तेव्हा गिरजाबाईंची शेगडी पेटलेली होती.

"पयलीच जरशी होती. इस्तरी उचलली त नाव इस्तरीले आलं. ती पाह्यतच राह्यली. मी म्हनलं, अवो ते शाईचं हाय, तुह्या हातचं नाई. तिच्या कानात गेलं नाई. म्हने, लेकराले मीच पुसून टाकलं."

मी आत जाऊन मोरीत तोंड धुऊन आले. बाकीच्या जर्स्या इस्त्री न करताच पोरांनी घातल्या. नाव मैदानाच्या त्या टोकाहून दिसत होतं म्हणे. लोक विचारत होते, कुठून छापून आणलं. गिरजाबाई मैदानावर गेल्या नव्हत्या.

मी महिनाभरात एक जर्सी नव्यानं छापली. पाण्यातल्या जुन्या शाईनं, जी इस्त्रीला सोसते. गुलाबी होईल तर होऊ दे. ती घेऊन मी बेल्लमपल्लीची बस धरली. मला त्यांना एवढंच सांगायचं होतं की नाव पुसलं जातं ते शाईनं, हातानं नाही. हे धंद्यातलं अगदी साधं ज्ञान आहे, आणि कुणालाही पटेल असं मला बसमध्ये वाटत होतं.

गिरजाबाई दारात बसून होत्या. मी सगळं सांगितलं, करडा थर, पांढरा थर, प्लास्टिक, उष्णता. त्या मान हलवत होत्या. ह्यांच्या कॉलेजातल्या बाया अशाच मान हलवायच्या, मी छपाईबद्दल बोलायला लागले की. मग मी जर्सी पुढे केली आणि म्हटलं, ही खास तुमच्यासाठी आहे, हिच्यावर हवी तेवढी इस्त्री फिरवा, नाव जाणार नाही. आत जाऊन त्यांची इस्त्री आणू का विचारलं. नामदेवराव माझ्यामागून हळू आवाजात म्हणाले, इस्त्री घरात नाही, तिनं शेजारी देऊन टाकली.

गिरजाबाईंनी जर्सी घेतली. खांद्याच्या दोन टोकांना दोन बोटांनी धरली, अंगापासून लांब, नावाला कुठे हात लागू नये अशी. कोवळी, अजून न वाळलेली छपाई मी तशीच धरायची.

"बाई, हे वाळलं हाय ना?"

"वाळलं हाय," मी म्हटलं. "केव्हाचंच वाळलं. हात फिरवून बघा."

त्यांनी हात फिरवला नाही. तशीच टोकांना धरून, कुठे घासू नये म्हणून कडेकडेनं चालत, त्या ती आत घेऊन गेल्या.